कॅनबेराचा पाना

आमच्या घरची खंडेनवमी देखाव्याची नव्हती. माझे वडील देवळीत कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. नवमीच्या आदल्या दिवशी ते आपली सगळी हत्यारं पिशवीत घालून घरी आणायचे. पाने, कानस, छिन्नी, हातोडी. आई ती राखेने घासायची, पाटावर मांडायची, हळदीकुंकू लावून झेंडूच्या माळेने झाकायची. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. एका वर्षी बाबांना ताप होता म्हणून पूजा राहिली, आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं जीनमध्ये गेली. मी नर्स आहे. तापातून उठलेला माणूस चालत्या पट्ट्याजवळ गेला की काय होतं ते मला कळतं. आईला कळलं ते वेगळं होतं, आणि तिच्याशी वाद घालायला घरात कोणी तयार नव्हतं.

माझा धाकटा भाऊ हवाई दलात लागला तेव्हा आईची पहिली चिंता हीच होती की त्याच्या हत्यारांची पूजा कोण करतं.

तो कॅनबेरा विमानावर काम करायचा. इंजिनावर नाही, विमानाच्या अंगावर: पंख, शेपटी, ती हलवणारे दांडे आणि तारा. कोणत्या तळावर, ते मी लिहीत नाही. तेव्हा त्याने सांगू नका म्हटलं होतं, ती सवय राहिली आहे. उत्तरेत होता एवढं पुरे. सुट्टीत आला की तो विमानाबद्दल बोलायचा, तेही बाबांनी विचारलं तर. विलायतेत बनलेलं, दोन इंजिनं पंखांतच बसवलेली, चालू करताना काडतूस फुटून काळा धूर निघतो आणि नवा माणूस आग लागली म्हणून पळतो. युद्धात या विमानाने बॉम्ब टाकले, शांततेत इतक्या उंचीवरून फोटो काढले की खालच्याला आवाजही येत नाही. तळावर हंटर या लढाऊ विमानावरचे लोक म्हणायचे, इंग्रजांनी महायुद्धानंतर बनवलेलं खरं विमान आमचंच. भाऊ म्हणायचा, "हंटर दिसाले सुंदर आहे. लग्नात मिरवाले न्यावं. काम कॅनबेरा करते."

त्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात रुतून बसली होती. त्यांच्या कॅनबेरात दोन माणसं असत. वैमानिकाच्या खुर्चीखाली स्फोटकं होती. वेळ आली तर खुर्चीसकट तो बाहेर फेकला जाई. दुसरा, वाट दाखवणारा अधिकारी, विमानाच्या नाकात असे. कामाच्या वेळी तिथे पालथा पडून राही. त्याला तशी खुर्ची नव्हती. त्याने उठायचं, दाराशी जायचं आणि उडी मारायची.

"अन् विमान गरगर फिरून राह्यलं असन तर?" मी विचारलं होतं.

"तर मग काय," तो म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

मी तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये होते. पोट उघडण्याआधी रक्त टिपायचे मॉप, चिमटे, कात्र्या मोजायच्या, फळ्यावर लिहायच्या. पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायच्या. एक कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, टाका घालायचा नाही. त्यांच्याकडेही असंच होतं. डब्यात प्रत्येक हत्याराची खाच, प्रत्येकावर डब्याचा नंबर कोरलेला. काम संपलं की मोजणी. एक खाच रिकामी दिसली तर विमान उडत नाही, कारण हरवलेला पाना विमानाच्या पोटात असू शकतो आणि तिथे तो दांड्यांमध्ये अडकला तर वैमानिकाने हातातला दांडा ओढला तरी शेपटी हलत नाही. आम्ही भावंडं या एका विषयावर तासभर बोलू शकत होतो. आई म्हणायची, "दोघंबी मोजतच मरा."

हे सांगायचं कारण, पुढे जे झालं ते न कळून झालं असं आम्हा दोघांना म्हणता येत नाही.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. त्या वर्षी आईने त्याला पत्र लिहून घेतलं. लिहिलं मीच. "नवमीला सुट्टी काढजो. येतानी तुह्या हातातलं एक तरी हत्यार आणजो." शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. आई शेजारी बसली होती आणि मला बस गाठायची होती. लिहून टाकलं.

तो आला आणि त्याने खिशातून खरंच एक पाना काढला. वीतभर लांबीचा, दोन्हीकडे तोंड असलेला. मधल्या दांडीवर नंबर कोरलेला होता.

बाबांनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला, अंगठा फिरवला. मग आपल्या पिशवीतून एक पाना काढून शेजारी धरला. लांबी तीच, माप तेच, बनावटही जवळजवळ तीच. जिनातली यंत्रंही विलायतेचीच होती, जुन्या इंची मापांची. बाबांना फार आनंद झाला. "पाह्य," ते मला म्हणाले, "माह्यी जीन अन् याचं इमान, एकाच मुलखाची पोरं." मग आनंद ओसरला आणि त्यांनी भावाला विचारलं, "इचारून आणला काय बे?"

"डबा माह्या नावावर आहे बाबा. इमान मोठ्या तपासणीले लागलं आहे, सारं खोलून पडलं आहे. मी जाईपर्यंत डबा कोणी उघडत नाई."

"इचारलं नाई म्हण ना."

भावाने त्यांच्या हातातून पाना घेऊन आईला दिला. मी अडवलं नाही. माझ्या थिएटरमधून कोणी साधी कात्री घरी नेली असती तर मी तिला दारात उभी केली असती. पण तो माझा भाऊ होता, सणाला आला होता आणि आई पाटावर रांगोळी काढत होती.

दसऱ्याला सकाळी नऊच्या बसने तो निघणार होता. वर्ध्याहून दुपारी दिल्लीकडची गाडी होती, आणि सणाच्या दिवशी नंतरच्या बसचा भरवसा नव्हता. उत्तरपूजा नैवेद्यानंतर. आई म्हणाली, पूजेतलं असं उचलायचं नाही. तो म्हणाला, बस चुकेल. शेवटी बाबांनी तोडगा काढला. आईने अक्षता टाकल्या, माळेखाली हात घालून पाना काढला, कुंकवासकट लाल कापडात गुंडाळला, आत दोन झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं घातली आणि वरून घट्ट गाठ मारली.

"वाटेत सोडजो नोको. कामावर पोचला का मंग उघडजो."

"हो आई."

"शपथ घे."

"अवं, तो काय लेकरू आहे काय," बाबा म्हणाले. पण त्याने शपथ घेतली. तो तसाच होता, सांगितलेलं ऐकणारा.

साडेबाराला आईने माळ उचलली. मी स्वयंपाकघरात होते. बाबांनी हाक मारली ती नेहमीची नव्हती. बाहेर आले तर ते पाटापुढे उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात पाना होता. कुंकू पुसलेल्या जागी नंबर दिसत होता.

"मंग त्याच्यासंग कोणता गेला?" आईने विचारलं.

"माहा."

आई म्हणाली, "एकच माप आहे म्हणत होते ना तुम्ही. मंग काय झालं?"

बाबा तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मला सांगितलं, कारण मला समजणार होतं. त्यांच्या पान्याचं तोंड पसरलेलं होतं. वीस वर्षं वापरून वापरून ते किंचित उघडलं होतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. ते स्वतः तोंडात पत्र्याची चकती धरून तो वापरत. चकतीशिवाय वापरला तर तो नटावर सरकतो, नटाचे कोपरे खातो आणि हाताला वाटतं की कसला. "जिनात नट ढिला राह्यला त खडखड वाजते. आपण पट्टा उतरवतो, पुन्हा कसतो. तिथं वर कोण उतरवन?"

"त्याले कळन बाबा. त्याचा हात आहे त्या पान्यावर."

"त्याले कळन. दुसऱ्या पाळीचा माणूस डबा उघडन त्याले काय कळन?" आणि थोडं थांबून, "अन् त्याले कळलं, तरी तो सांगन काय?"

हा प्रश्न माझ्याही मनात होता, फक्त मी तो बोलून दाखवला नव्हता. शाळेत असताना भावाने बाबांचं मायक्रोमीटर खाली पाडलं होतं. ते पुन्हा डबीत ठेवून तो महिनाभर गप्प राहिला. बाबांची मापं चुकत गेली, मालकाची बोलणी त्यांनी खाल्ली, आणि हा त्यांच्याच शेजारी बसून जेवत होता. दुष्टपणाने नाही, भीतीने. भ्यालेला माणूस काय करतो हे मी थिएटरमध्येही पाहिलं आहे. खाच भरलेली दिसते, मोजणी जुळते, आणि आज कोणी विचारत नाही, मग तो उद्यावर ढकलतो.

मी पाना रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि निघाले. आई दारात म्हणाली, "त्याचं नाव नोको खराब करू." मी चपला घालत होते.

पुलगावहून वर्ध्याला जाणारी एस.टी. अर्धा तास उशिरा आली आणि दसऱ्याच्या लोकांनी गच्च भरलेली होती. दांडा धरून उभी राहिले. पर्सची चेन लागत नव्हती, पान्याचं टोक बाहेर आलेलं. शेजारच्या सीटवर डोक्याला भगवा रुमाल बांधलेला एक म्हातारा होता. त्याने टोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय बाई, बस बंद पडन म्हून पाना घेऊनच निघाल्या काय?"

आजूबाजूचे हसले. कंडक्टर मागून म्हणाला, "असू द्या असू द्या, आमच्या डेपोत नाई तेवढाच."

एरवी मीही हसले असते. मी घड्याळ पाहत होते. सालोडजवळ एक बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हर खाली उतरून गाडीवानाला सोनं देऊन आला. आपट्याचं पान. दसरा होता, त्याचं चुकलं नाही. मला मात्र त्या दोघांना हलवून हलवून सांगावंसं वाटत होतं की नाकात झोपणाऱ्या माणसाला खुर्ची नाही.

वर्ध्यात दिल्लीची गाडी वेळेवर होती. ती कधी वेळेवर नसायची. मी स्टेशनच्या पुलावर पोचले तेव्हा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाला होता. धावण्यात अर्थ नव्हता, म्हणून धावले नाही.

तारघर सणाचंही चालू होतं. फॉर्म घेतला आणि तिथे पहिल्यांदा थांबले. भावाच्या नावाने तार केली तर ती त्याच्याआधी पोचेल आणि त्याची वाट बघत पडून राहील. शिवाय तो ती वाचून खिशात ठेवू शकतो. त्याच्या अधिकाऱ्याच्या नावाने केली तर ती वाचली जाईल, विमान थांबेल, आणि भावावर खटला होईल. न विचारता हत्यार बाहेर नेलं हे मीच लिहून दिलेलं असेल. नोकरी जाईल की काय, तेही मला ठाऊक नव्हतं. त्याच्या पगारावर त्या वर्षी घरात कोणकोण जेवत होतं ते मला तोंडपाठ होतं. बाबांना आठ बोटांनी जिनात किती वर्षं ठेवतील याचाही भरवसा नव्हता.

तिसरा मार्ग होता. काहीच न करणं आणि तो सांगेल यावर विश्वास ठेवणं. त्या मार्गाचा मी किती वेळ विचार केला हे प्रामाणिकपणे सांगायचं तर फार नाही. आमच्याकडे मोजणी चुकली तर जिला आधी कळतं तिने मोठ्याने बोलायचं. दुसरी बोलेल म्हणून थांबायचं नाही. मला आधी कळलं होतं.

अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर, इंग्रजीत लिहिली. अमुक नंबरचा पाना चुकून घरी राहिला. नेलेला पाना जिनिंगचा, झिजलेला आहे. वापरू नका. खरा पाठवत आहे. खाली सही: बहीण, थिएटर नर्स.

तारबाबूने पेन्सिलने शब्द मोजले आणि चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, जनम-मरण, पेपर पास, पोरगी पसंत, सगळ्या तारा केल्या आपण. पान्याची पहिली. 'थिएटर नर्स' काढू का? दोन शब्द वाचतात."

"राहू द्या."

"त्याने काय फरक पडते?"

"वाचणाऱ्याला कळेल की मला मोजता येतं."

त्याने खांदे उडवले आणि तार पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पाना तेलाच्या कागदात बांधून दिला आणि मी तो रजिस्टर पार्सलने पाठवला. आई माझ्याशी बोलत नव्हती. जेवायला वाढायची, पण ताट ठेवताना दुसरीकडे बघायची.

मग वाट पाहणं. मी रोज दवाखान्याच्या वाचनालयात पेपर उघडायची आणि आधी कोपऱ्यातल्या लहान बातम्या वाचायची, कारण विमान पडल्याची बातमी कधीकधी दोन ओळींची असते. थिएटरमध्ये मॉप तीन-तीनदा मोजायची. सर्जन एकदा वैतागले. "सिस्टर, पेशंट म्हातारा होईल." मी चौथ्यांदा मोजले आणि म्हटलं, "आता शिवा." तार पोचली की नाही, पोचली तर कोणाच्या टेबलावर, टेबलावरचा माणूस सुट्टीवर तर नाही, मी तारेत नंबर बरोबर लिहिला की दोन आकडे उलटे झाले, हे सगळं हात धुताना, बस पकडताना, तांदूळ निवडताना चालू असायचं. विमानाच्या नाकातल्या त्या माणसाचा चेहरा मला माहीत नव्हता, म्हणून तो रोज वेगळा दिसायचा.

पंधरवड्याने पत्र आलं. बाबांच्या नावाने. पाना मिळाला. विमान तपासून झालं, उडालं, नीट उतरलं. त्याला काही दिवस तळाबाहेर पडायला बंदी आहे, बढती या वर्षी मिळणार नाही. नोकरी आहे. आईला नमस्कार. माझं नाव पत्रात कुठेच नव्हतं.

मी त्या रात्री गाढ झोपले. मला त्याचं वाईट वाटायला पुढचा आठवडा उजाडला.

पुढच्या नवमीला तो आला, रिकाम्या हाताने. आईने विचारलंही नाही. बाबांचा पाना मात्र त्याने परत आणला होता. त्याला तारेने एक लाल पत्र्याचा बिल्ला बांधलेला होता, वर इंग्रजीत "वापरू नये". बाबांना तो इतका आवडला की त्यांनी पाना बिल्ल्यासकट भिंतीवर टांगला. आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे. "सरकारनं पेन्शन देल्ली याले."

भाऊ माझ्याशी चहा, पाणी, हो, नाही इतकंच बोलत होता. तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते तेव्हा तो येऊन उभा राहिला.

"ताई, मी ते कापड कुठं सोडलं माहीत आहे?"

"कामावर. शपथ घेतली होती ना."

"इटारसीच्या आधीच सोडलं. सोडाचीबी गरज नव्हती. वरून दाबलं अन् समजलं, हा आपला नोहे. रातभर झोपलो नाई. सांगू का नको, सांगू का नको. दिल्ली आली तवा ठरवलं का सांगतो. तिथून पुढच्या गाडीत पाठ करत गेलो, साहेबापुढं काय म्हणाचं. पोचलो, तोंडबी धुतलं नाई, तसाच गेलो. पाना टेबलावर ठेवला. म्हटलं, सर, माझी चूक झाली." तो थांबला. "साहेब हसला. खणातून तुही तार काढली. म्हणे, हाँ, मालूम है, तुम्हारी बहन ने कल ही बता दिया."

मी हातातली चादर पिळत राहिले.

"मी म्हटलं, सर, मी सोताहून सांगाले आलो. तो म्हणे, अब तो सब यही बोलेंगे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "जिंदगीत एकदा खरं बोलाले गेलो ताई. ते बी तुनं आधीच सांगून टाकलं. बढती गेली त्याचं काही नाई. तुले वाटलं मी लपवीन."

"हो," मी म्हटलं. "वाटलं."

"काऊन?"

"मायक्रोमीटर."

तो मग म्हणाला, "तवा मी बारा वर्षांचा होतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण तारघरात उभी असताना मला इटारसी दिसत नव्हती. मला पसरलेल्या तोंडाचा पाना दिसत होता आणि नाकात पालथा पडलेला एक माणूस. मी त्याला तसंच सांगितलं. शिवाय सांगितलं की पुन्हा तसं झालं तर पुन्हा तार करीन, त्याच्याच अधिकाऱ्याला. खोटी माफी मागण्यापेक्षा ते बरं वाटलं.

"करशीनच तू," तो म्हणाला. चादरीचं दुसरं टोक त्याने धरलं, आम्ही ती पिळली आणि तारेवर टाकली.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने आपली लोखंडी ट्रंक अंगणाच्या मधोमध आणून उघडली. कपडे, दाढीचं सामान, आईचे लाडू, सगळं बाहेर काढून सतरंजीवर मांडलं. बाबा बघत राहिले. आई म्हणाली, "काय करून राह्यला हा, बस आली ना!"

"सिस्टर," तो मोठ्याने म्हणाला, "मोजा."

टोमणा होता, मला कळलं. मी खाली बसले आणि मोजलं. एकेक वस्तू उचलून ट्रंकेत ठेवली, तळाचा कागदही उचलून पाहिला. घरचं काही त्यात नव्हतं आणि त्याचं काही घरात राहिलं नव्हतं. "बरोबर आहे," मी म्हटलं. तेव्हा त्याने झाकण लावलं.

पुढे त्याला बढती मिळाली, दोन वर्षांनी. ऐंशीच्या दशकात नवी विमानं आली, जागच्या जागी उभं उठणारंही एक आरमारात आलं. पेपरात त्याचा फोटो पाहून बाबांनी तो कापून भावाला पाठवला. त्याने लिहिलं, छान आहे, आमचं म्हातारं अजून रोज कामावर जातं. निवृत्त होईपर्यंत तो त्याच विमानावर होता. आणि दर सुट्टीला निघायच्या आधी ट्रंक अंगणात यायची. पहिल्या दोन-तीन वर्षांनी टोमणा कधी गळून पडला ते माझ्या लक्षात आलं नाही. "ताई, मोज," म्हणायचा आणि बसची वेळ विचारायला बाहेर जायचा.